तांदूळ निवडणारा बाण

मांडीवरची शेवंती दूध पिता पिता थांबली, आईच्या काखेखालून मान काढून मागे कुठेतरी बघू लागली आणि हसली. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, आणि हसू असे की समोर कुणी ओळखीचे उभे असावे. गौरवीला वाटले, सासूबाई, माई, आल्या असतील मये गावाहून, चपला बाहेर काढून पाय न वाजवता. तिने वळून पाहिले. खोलीत कोणी नव्हते. जनेलाची, खिडकीची, झडप अर्धी लोटलेली, डिचोलीच्या बाजारावरची दुपार तिथून आत येऊन फरशीवर पसरलेली, मेजावर लॅपटॉप, समोर रिकामी कदेल, तिची कामाची खुर्ची. आणि पडद्यावर तो इवलासा पांढरा बाण आपल्याच नादात चालला होता. जरा पुढे गेला, थबकला. स्वतःकडे थोडा ओढल्यासारखा मागे आला. मग एकदम बाजूला निसटला, जणू काही नको ते दूर सारले. माऊस मेजावर नव्हताच. शेवंतीच्या हाती लागू नये म्हणून तो कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला होता. बाण कोण हलवत होते ते गौरवीला पक्के ठाऊक होते, म्हणजे कोणीच नाही हे ठाऊक होते. तरी चार महिन्यांचे पोर यंत्राकडे बघून असे हसत नाही. दिव्याकडे बघते, पंख्याकडे बघते, पण त्या बघण्यात हे नसते. हे माणसासाठीचे हसू होते. त्या रिकाम्या कदेलीवर कोण बसले होते, जे तिच्या लेकीला दिसले आणि तिला दिसले नाही?

त्या कोणाला तरी तिनेच जन्म दिला होता, शेवंतीनंतर तीनेक महिन्यांनी. कंपनी पुण्याची, रेल्वे आणि बस स्टँडांवर तिकिटाची यंत्रे असतात त्यांचे पडदे नि कळा तिथे बनत. खरे यंत्र दर वेळी हाताशी नसते, म्हणून चाचणीसाठी खोटा कीबोर्ड, खोटा माऊस तयार करणे हे गौरवीचे लग्नाआधीपासून शिकलेले आणि लग्नानंतर पोटापाण्याचे झालेले काम. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला गाभा. त्याच्याकडे एक छोटे दार असते. त्या दाराशी जाऊन सांगायचे, मी माऊस आहे. मला दोन बटणे आहेत, मी डावीउजवीकडे आणि वरखाली हलतो, माझे नाव अमुक. गाभा कधी विचारत नाही की तुझी वायर कुठे, तुझ्यावर कुणाचा हात आहे. तो म्हणतो, बरे, ये. आणि सगळ्यांना कळवतो की नवा माऊस आला. मग त्या दारातून बारीक बारीक निरोप धाडायचे: इतका उजवीकडे, इतका खाली. निरोप नुसते धाडून भागत नाही. शेवटी एक रिकामा निरोप द्यावा लागतो, त्याचा अर्थ एवढाच की इथवर सांगितले ते आता खरे मान. तो जाईपर्यंत बाण जागचा हलत नाही. गौरवीला या रिकाम्या निरोपाचे पहिल्यापासून वेड होते. घरात, माणसात, कुठे असतो तसा? दिवसभर सांगितलेल्या सगळ्याच्या शेवटी कोणीतरी एक काही न बोलणारा शब्द टाकावा आणि मग ते सगळे एकदम हलावे, खरे व्हावे.

बाळंतपणाची रजा संपली आणि कंपनीने तिला घरून काम दिले, पण नजरेखाली. सगळ्यांच्याच लॅपटॉपवर एक पहाऱ्याची खिडकी असे; नावापुढे ठिपका. हात चालता असला की हिरवा, थांबला की थोड्या वेळाने पिवळा. पिवळ्याची बेरीज वर जाई. वर म्हणजे अर्चनाकडे. अर्चना पुण्यात, गौरवीच्या गटाची प्रमुख, पहिल्याच दिवशी "मॅडम नको गं म्हणू, म्हातारं वाटतं" असे म्हणालेली. आणि अर्चनाच्याही वर, जिथे नावे नसतात, नुसते आकडे असतात. महिनाअखेरी ठरणार होते, गौरवीला ठेवायचे की नाही. "तुझं काम चांगलंय गं, त्याबद्दल कोण काही म्हणत नाही," अर्चना म्हणाली होती, "पण तू पिवळी फार असतेस." जसे काही कावीळच झाली होती. शेवंती सावकाश पिणारी. दोन घोट, मग विचार. विचार म्हणजे डोळे मिटून गालाने आईला चाचपत राहणे. तेवढ्यात इकडे ठिपका पिवळा.

साईश, तिचा नवरा, म्हणायचा, सोडून दे, मोपाला विमानतळावर माझी पाळी आहेच, उपाशी का मरणार आपण? तो तिथे सामानाच्या पट्ट्यावर देखरेखीला होता. घरी आला की झोपेतही त्याला बॅगा फिरताना दिसत. तो प्रेमाने म्हणे, पण उपाशी मरण्याचा प्रश्नच नव्हता. दिवसातून एकदा तरी ती कदेलीवर बसून अशा एका गोष्टीचा विचार करी जिला दूध, लंगोट, तेल यांचा वास नव्हता, आणि तेवढा वेळ डोक्यात कुठेतरी एक जनेल उघडे राही. ते बंद झाले तर आत कोण उरेल हे तिला माहीत नव्हते. या नोकरीवर तिचे जे काही टांगलेले होते ते हे.

ठिपका हिरवा ठेवायचा पहिला उपाय माईंचा होता. माई म्हणजे रुक्मिणी, साईशची आई, मयेच्या कुळागरात माडा-पोफळींत जन्म घालवलेली बाई, नातीसाठी डिचोलीच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिलेली. सुनेची धावपळ बघून एक दिवस म्हणाल्या, "तूं वच बाय, ताका पाजय. हें हांव हालयतां."

"माई, तुम्हाला नाही जमायचं."

"हालवपाचेंच न्ही? सात भुरग्यांचे पाळणे हालयले हांवें. हो उंदीर कितें जड आसा?"

आणि पदर खोचून कदेलीवर मांडी घालून बसल्या. गौरवीने दारातून पाहिले तर माऊस गरगर फिरत होता, रगड्यावर वाटण वाटावे तसा. हसून हसून तिच्या टाक्यांत कळ आली. "वाटण नको, माई. पहाऱ्यावाल्याला कळेल. जरा थांबत थांबत. तांदूळ निवडता ना, तसं."

"तशें सांग मगो," माई म्हणाल्या. आणि मग जमले. दुपारभर माई पुण्याच्या कंपनीत कामाला होत्या. आवळ्याजांभळाच्या गोष्टी सांगाव्यात तशा शेजारच्या सरस्वतीला सांगत, "म्हजी नोकरी कंप्युटराची." पुढे मयेला सुपारीची काढणी आली आणि माईंना जावे लागले.

त्या गेल्यावर पहिल्या दुपारी गौरवीने ते दार उघडले. चाचणीसाठी शेकडो वेळा उघडलेले. पण या वेळी स्वतःसाठी. यंत्राला नाव द्यावे लागते. कामात ती काहीबाही लिही. आता बोटे थबकली, आणि तिने लिहिले: सोनम. लग्नात साईशने ताटातल्या तांदळांत अंगठीने गौरवी हे नाव लिहिले त्याआधी ती सोनम होती. पेडण्याच्या घरी, शाळेत, म्हापशाच्या बसमध्ये, कॉलेजात सोनम. तांदूळ पसरून सपाट केले, त्यावर अक्षरे कोरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भटजींनी पेढा भरवला, आणि त्या रात्री निजताना तिला एकदाच वाटले होते, ती दुसरी आता कुठे जाईल? वाईट नव्हते वाटले. नुसते कुतूहल, बसमध्ये विसरलेल्या छत्रीबद्दल वाटते तसे. ऑफिसातही पुढे गौरवीच झाली. आईसुद्धा फोनवर आधी "सो" म्हणून मग अडखळून गौरवी म्हणू लागली. आणि आता गाभ्याने कुठलीही शंका न घेता कळवले की सोनम नावाचे नवे यंत्र जोडले गेले आहे. गौरवी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसली. कुणीतरी बोलावल्यावर ती परत आली होती, आणि तिला कदेलही मोकळी होती.

सोनमला सुरुवातीला नीट चालता येत नव्हते. बाण पट्टीने आखल्यासारखा जाई. तिला कीबोर्डच्या कळाही दिल्या होत्या; एकदा कळ दाबली म्हणून सांगितले आणि सोडली म्हणून सांगायचे राहिले, तर पडद्यावर एकच अक्षर वाहत सुटले, ओळीच्या ओळी, जसे रडणे सुरू होते आणि मग कशासाठी ते आठवत नाही पण थांबवता येत नाही. तेव्हा गौरवीने ठरवले, सोनमला आपलाच हात द्यावा. खऱ्या माऊसच्या हालचाली टिपून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने माई असतानाच आठवडाभर चालू ठेवला होता, दुसऱ्याच कामासाठी. त्या टिपणातून तिने सर्वांत लांब, अखंड असा तुकडा निवडला, जिथे हात मध्येच उठून गेलेला नव्हता, आणि तो सोनमला दिला. त्यानंतर बाण असा चालू लागला की बघताना तिलाच स्वतःचे नवल वाटे. आपण इतक्या शांतपणे काम करतो? इतके न घाबरता? ठिपका दुपारभर हिरवा, आणि ती पलंगावर पाठमोरी, शेवंतीच्या टाळूचा वास घेत. खोलीत त्या वेळी दोघी नव्हत्या, तिघी होत्या. कधी डोळा लागे आणि अर्धवट झोपेत तिला कदेल करकरल्याचा भास होई.

पेडण्याला दसऱ्याला तरंगे निघत. उंच काठीला रंगीत लुगड्यांचे थरच्या थर, ती काठी कमरेशी बांधून गावकार नाचवीत. गोकुळदासकाका, बाबांचा चुलतभाऊ, एरवी म्हापसा-पेडणे बसवर कंडक्टर, सुट्या पैशांवरून बायकांशी हुज्जत घालणारा. पण त्या दिवशी त्याच्या अंगात अवसर, देवाचा संचार, येई आणि तो काका नसे. त्याचा हात उठे, त्याचाच केसाळ हात, घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला, आणि लोक त्या हातापुढे वाकत. लहान सोनमने दुसऱ्या दिवशी त्याला बसमध्ये गाठून विचारले होते, "काका, काल तुझो हात कोण हालयतालो?" त्याने तिकीट पंच करता करता तिच्याकडे पाहिले. "म्हाका कितें खबर गो? हात म्हजोच. हालोवपी दुसरो." आणि लगेच पुढच्या बाईला, "आगे माये, टोपली मांडयेर घे, टोपलेक तिकीट पडटलें." सोनमला ते उत्तर पुरेसे वाटले होते. आता गौरवीला वाटे की काकाने कर्नलचे सगळे शास्त्र त्या एका ओळीत सांगून टाकले होते. फरक एवढाच की काकाकडे हात होता आणि हलवणारा अदृश्य होता. इथे हलवणाराही नाही, हातही नाही, नुसती हालचाल उरली आहे. आणि लोक त्याही हालचालीपुढे वाकतात, कारण ती हिरवी असते.

शेवंती हसली त्याच दिवशी, ऊन जनेलावरून उतरायच्या आत, अर्चनाचा फोन आला.

"किरणचं कळलं का तुला?"

किरण गटातला बेळगावकडचा मुलगा, चर्चेत सदा विनोद करणारा. "नाही. काय झालं?"

"काढला त्याला. माऊसखाली कसलीशी फिरती चकती ठेवायचा. डोकं बघ. आता वरचे म्हणतायत, चकती दिसते तरी, पण प्रोग्रॅमने कोणी करत असेल तर? तुझ्यासारखं दार माहीत असलेलं कोणी?" गौरवीची नजर पडद्यावरच्या बाणाकडे गेली. पण अर्चनाच्या आवाजात संशय नव्हता, थकवा होता. "म्हणून तुलाच फोन केला. ते ओळखून काढणारं काहीतरी लिहून दे. खोटे हात पकडणारं. सोमवारपर्यंत. आणि ऐक, तुझं सगळं मस्त चाललंय. गेले दोन आठवडे तू सगळ्यांत हिरवी आहेस. मी वर कळवलंय, गौरवी बदलली म्हणून. हे एवढं दिलंस की तुझं पक्कं समज."

फोन ठेवल्यावर गौरवीला हसू आले. लिहायला तासही लागला नसता. गाभा खोटे बोलत नाही. कुठले यंत्र वायरीने आले, कुठले नुसते सांगण्यातून जन्मले, याची त्याच्याकडे वेगळी जागा असते. विचारले तर तो सरळ दाखवतो. आजवर कोणी विचारले नव्हते. ती त्यात सोनमपुरती एक फट ठेवू शकली असती, बोटभर. जगात कुणालाच ती दिसली नसती. किंवा म्हणू शकली असती, हे ओळखता येतच नाही. अर्चनाने विश्वास ठेवला असता. बदललेल्या, हिरव्या गौरवीवर कोण विश्वास ठेवणार नाही? तिला किरणची चकती आठवत राहिली, ती तिने पाहिलेलीही नव्हती. त्याच्याही घरी कोणी सावकाश पिणारे असेल का? की त्याला नुसतेच आढ्याकडे बघत पडावेसे वाटत असेल? तेही काय कमी.

शनिवारी माई आल्या. पिशवीत केळीचा घड, ओल्या सुपाऱ्या, शेवंतीसाठी काळा दोरा. पाय धुतले, नातीला पोटाशी धरून तिच्या कानात मयेची सगळी बातमी सांगितली, आणि मग घरात तांदूळ नीट नाहीत म्हणून सूप घेऊन फरशीवर बसल्या. शेवंती शेजारी चटईवर. दुपार तशीच, ऊन तसेच. गौरवी कदेलीवर बसून सोमवारचे काम उघडून ते न लिहिता बघत होती. सोनम सवयीने चालू होती. पडद्यावर बाण जरा पुढे गेला, थबकला. खाली माईंचे बोट तांदळांत जरा पुढे गेले, थबकले. दाणे थोडेसे स्वतःकडे ओढले. बाण मागे आला. मग एक खडा, आणि माईंच्या अंगठ्याने तो असा उडवला की गौरवी कदेलीत पुढे सरकली, कारण त्याच वेळी, जवळजवळ त्याच वेळी, बाण बाजूला निसटला होता. चटईवर शेवंती त्या म्हाताऱ्या हाताकडे बघून हसत होती. तेच हसू.

गौरवीला समजायला वेळ लागला नाही, मान्य करायला लागला. आठवडाभराच्या त्या टिपणात तिचा स्वतःचा हात होता कुठे? सारखा उठून गेलेला, रडण्याकडे धावलेला, तुकड्या-तुकड्यांचा. अखंड बसलेला, न घाबरलेला हात तिने वेचून काढला तो माईंचा होता. दोन आठवडे पुण्याला जी सर्वांत हिरवी दिसत होती, जिच्याबद्दल वर कळवले गेले होते की ती बदलली, ती सोनम नव्हती आणि गौरवीही नव्हती. मयेची एक बाई नात पिऊन होईपर्यंत सुनेसाठी तांदूळ निवडत बसली होती. आणि आपण त्या शांतपणाचे कौतुक करीत होतो, आपलाच म्हणून.

"कितें गो, अशी कित्याक पळयता?" माईंनी वर न बघता विचारले.

"माई, तुमचा हात अजून कामाला आहे."

"कंपनींत?"

"हो. तुम्ही मयेला होता तेव्हासुद्धा."

माईंनी हात थांबवला, तो उलटासुलटा करून पाहिला, जणू आपल्या नकळत तो कुठे जाऊन आला की काय. मग म्हणाल्या, "जावं. पूण तो काम करता जाल्यार तुज्या कपाळार आठी कित्याक?" गौरवीने सांगितले; सोनमचे, किरणचे, सोमवारचे. माईंना दार आणि गाभा किती कळले कोण जाणे. मग सूप झटकून एवढेच बोलल्या, "तुका काम करपाचें आसा तर काम कर. म्हजो हात घरांत आसा, तो घरांत वापर. थंय पुण्याक धाडूं नाका. थंय ताका कोण वळखता?"

सोमवारी दुपारी शेवंतीला भूक लागली तेव्हा गौरवी तिला घेऊन कदेलीवरच बसली, पडद्यासमोर. एका हाताने बाळाचे डोके सावरीत दुसऱ्याने तिने सोनमचा प्रोग्रॅम थांबवला. गाभ्याने नाव पुसले, त्याच निर्विकारपणे जसे ते लिहिले होते. वाईट वाटेल असे तिला वाटले होते. काहीच झाले नाही. बाण होता तिथे थांबला, एका अक्षराच्या पोटात टोक खुपसून. ठिपका हिरवा होता तो हिरवाच राहिला काही वेळ, आणि मग पिवळा झाला. फोन वाजला.

"गौरवी, आहेस ना?"

"आहे."

"मग पिवळी का?"

"दूध पाजतेय."

"बरं. आणि ते ओळखायचं झालं का लिहून? वरचे विचारतायत."

"सोपं आहे ते. एक प्रश्न विचारायचा, कर्नल सगळी नावं देतो. मी नाही लिहिणार, अर्चना."

"म्हणजे?"

"लिहिलं असतं तर पहिलं नाव माझंच आलं असतं. दोन आठवड्यांचं हिरवं माझं नव्हतं. काम माझं होतं, ते सगळं मी केलंय, बघ उघडून. पण हात माझ्या सासूबाईंचा होता."

"सासूबाईंचा?" अर्चना हसली की काय ते कळले नाही, आवाज मध्येच तुटला. "तू हे मला कशाला सांगतेस गं? आता मला हे वर कळवावं लागेल. तुला समजतंय ना, तुझं पक्कं व्हायचं होतं?"

"समजतंय. कळव. त्यात हेही लिही की मी दुपारी पिवळीच असणार. माझ्या लेकीला वेळ लागतो. मला ही नोकरी हवीय, अर्चना. पिवळी धरून हवीय."

शेवंतीने दोन घोट घेतले आणि विचारात पडली, गालाने आईला चाचपत. स्वयंपाकघरात माईंनी नळ बंद केला. गौरवी वाट बघत राहिली, फोन तुटल्याचा आवाज येईल म्हणून. तो आला नाही. पुण्याहून पंख्याची घरघर येत होती, आणि तिच्याखाली एका बाईचा श्वास.

"किती वेळ लागतो तिला?" बऱ्याच वेळाने अर्चनाने विचारले.

"भूक असेल तसा."

"माझा मुलगाही सावकाशच प्यायचा," अर्चना म्हणाली. गौरवीने पडद्याकडे पाहिले. नावांच्या रांगेत सर्वांत वर अर्चनाचे नाव, त्याच्यापुढचा ठिपका जो तिने कधी हिरव्याशिवाय पाहिला नव्हता. तिच्या देखत तो पिवळा झाला. आणि पलीकडे तरीही कोणी हाताने काही हलवले नाही.